डोलकाठीचं आढं

कोलशेतच्या खाडीकाठचं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. त्यांची जुनी होडी मोडली तेव्हा तिची डोलकाठी त्यांनी घराला आढं म्हणून चढवली. सगळं छप्पर तिच्यावरच. नवरा गेल्यावर मी एकटी उरले आणि आळीतल्या बायकांचा सुका जवळा पावसाळाभर घरात ठेवून घ्यायला लागले. त्यावर माझं पोट चाले.

धाकटा दीर निराळा राहायचा. वादळात त्याच्या होडीची काठी मोडली, आणि मेल्याची नजर गेली कुठं, तर माझ्या डोक्यावर!

नारळी पुनव तोंडावर आलेली. सकाळीच दोरखंड घेऊन तो आला नि थेट छपरावर चढला.

"अरं, खाली उतर! घर पाडतोस काय माझं?"

"वयनी, बापाची काठी हाय. माझापन हक हाय."

धडाधड कौलं खाली यायला लागली. आत आळीभरच्या बायकांचा जवळा, वर श्रावणाचं भरलेलं आभाळ. एक सर आली असती तर सगळा नासला असता, आणि बायकांना मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

आमच्यात पेटत्या चुलीवरचं छप्पर कुणी काढत नाही. काढलं तर काढणाऱ्याला दर्या परत पाठवत नाही म्हणतात. हे ठाऊक होतं म्हणूनच तो चूल पेटायच्या आत आलेला, लबाड!

मी धावत शेजारणीकडून विस्तव आणला. लाकडं ओली. फुंकून फुंकून डोळे फुटायची पाळी आली, वर दोर आवळल्याचा आवाज येत होता. शेवटी करवंट्या घातल्या, तेव्हा कुठं जाळ धरला.

धूर वरच्या भोकातून त्याच्या तोंडावर गेला. दोर थांबला.

तो खाली आला नि ओटीवर मटकन बसला. "मंग मी दर्यात जाव कसा, वयनी?"

मी त्याच चुलीवर तांदूळ शिजवले. पेज वाढली. ती पिऊन तो पुन्हा चढला आणि त्यानं एकेक कौल जागेवर बसवलं. फुटलेल्यांच्या जागी झावळ्या घातल्या.

पुनवेला सगळ्यांच्या होड्या निघाल्या. त्याची चिखलात पडून होती. दुपारी मोठी सर आली, तसा तो भिजत माझ्या दारात आला.

"जवला भिजला नाय ना?"

"नाही रे," म्हटलं, आणि माझा बांध फुटला.