चिंचेनं घासलेला रुपया

शेजारचे काका जुनी नाणी जमवतात. आमच्या पूजेतला चांदीचा रुपया त्यांनी दोन बोटांत कडेनं धरला आणि खिडकीच्या उजेडात तिरका केला. भिंगातून आधी राजाचा मुकुट पाहिला, मग भुवई, मग कान. कान पुसट दिसला आणि त्यांचा चेहरा पडला.

"कुणी घासलाय हो हा?"

"आईनं. दर दिवाळीला, चिंच लावून."

"अरेरे! चांदीचा काळेपणा काढायचा नसतो. प्रत उतरते."

आई राजालाही आमच्यासारखीच आंघोळ घालायची. कानामागे अंगठा फिरवत म्हणायची, "मेला मळ इथंच बसतो." तोवर माझे कान लाल करून झालेले असायचे. हात न लागलेलं तेच उत्तम प्रतीचं असेल, तर आमच्या घरात उत्तम असं काहीच नव्हतं. तांब्या नाही, पाट नाही, आम्ही पोरं तर नाहीच.

काकांनी पुन्हा भिंग लावलं. "पण अलीकडे छान काळा पडायला लागलाय. आता मात्र कुणी हात लावू नका."

आई गेल्यापासून कुणी लावलाच नव्हता.

घरी आलो आणि चिंच भिजत घातली.