सतरा मार्चचा शिक्का

शिमोन पेरेलमुटर पत्रं विकायचा, पण वाचायचा नाही. मेलबर्नच्या फ्लिंडर्स लेनमध्ये जिन्याखालच्या खबदाडात त्याचं टपाल तिकिटांचं दुकान होतं. एकोणपन्नास साली बोटीतून उतरला तेव्हा खिशात दमडी नव्हती. कोटांच्या कारखान्यात बटणं लावता लावता तिथल्या परदेशी पाकिटांवरची तिकिटं तो बशीत भिजवून सोडवायचा. त्यातूनच धंदा उभा राहिला, आणि नजर तर अशी बसली की शिक्का दिसला रे दिसला की गाव, साल, भाव तोंडावर फेकायचा.

पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोतली, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतली, कार्डंही यायची. लोड्झ त्याचंच गाव! तरी तिकीट बघायचं, शिक्का बघायचा, मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं किंमत टाकायची, बस. मजकुराकडे ढुंकून बघायचा नाही.

"वाच की एखादं," बायको, गुटा, म्हणायची. "कुणी ओळखीचं निघेल."

"निघेल म्हणूनच नाही वाचत."

त्र्याऐंशी साली एके सकाळी डॉक्टर लुस्टिग आले. जुनं गिऱ्हाईक, जिभेला हाड नाही. पण त्या दिवशी डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता त्यांनी एक कार्ड पुढं सरकवलं.

"आठ वर्षांपूर्वी तूच विकलंस मला, शिमेक."

"मग? नकली निघालं की काय, डॉक्टर?"

"असतं तर बरं झालं असतं रे. इतकी वर्षं आल्बममध्ये चिकटवलेलं होतं. काल सोडवलं आणि मागची बाजू वाचली."

शिमोननं कार्ड उलटलं. कोपऱ्यात त्याच्याच हातची पेन्सिल, पंचेचाळीस डॉलर. त्याला लागून सही होती: ब्रुखा पेरेलमुटर. त्याची आई.

वॉर्सातल्या कुणा बाईला लिहिलेल्या जेमतेम तीन ओळी. "माझा शिमेक तुमच्याकडे आला तर त्याला सांगा, मी बरी आहे. शिवणकाम मिळालंय. त्यानं जिवाला घोर लावून घेऊ नये."

शिमोननं कार्ड परत डॉक्टरांकडे सरकवलं. "छे! भलतंच काय! बेचाळीसच्या सप्टेंबरात दवाखान्यातून मारायला नेलं तिला. मजुरांच्या छावणीत मला निरोप आला होता."

"शिक्का बघ."

हजारो शिक्के वाचलेल्या त्या माणसाला तेवढा एक वाचता येईना. शेवटी गल्ल्यावर बसलेल्या गुटानं वाचला, "सतरा मार्च, चव्वेचाळीस."

निरोप आला त्याच दिवशी त्यानं छावणीत नऊ माणसं जमवून आईसाठी कद्दिश, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हटली होती. तेव्हापासून दर सप्टेंबरला त्याच दिवशी तिच्या नावानं मेणबत्ती. अरे देवा, चालत्याबोलत्या आईला दीड वर्ष आधीच मातीत घातलं की! आणि वर तिचंच पत्र विकून खाल्लं!

"कार्ड तुझ्याकडेच राहू दे," एवढं बोलून डॉक्टर निघून गेले.

गुटानं हळूच विचारलं, "मग त्यांना नेलं तरी कधी?"

"मला काय विचारतेस?" तो खेकसला. "मार्चमध्ये होती! पुढचं कुणी लिहून ठेवलंय?" मग त्यानं कार्ड हातात घेतलं. "तिच्यासाठी रडायला वर्षातला एक दिवस होता गं माझ्याकडे. तोही तिचा नव्हता."