पतंगाचं मॅचिंग

चामराजपेटेत माझे एक ब्लाउजपीसवाले आहेत. तीन पिढ्या बेंगळुरात गेल्यामुळे त्यांची मराठी घरची आणि कन्नडची फोडणी दिलेली. कुठलीही साडी न्या, ते 'नाही' म्हणत नाहीत. तुकडा घेऊन दारात उजेडाला येतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "स्वल्प फरक आहे, अक्का. नेसल्यावर कळणार नाही."

नेसल्यावर हमखास कळतं.

परवा सकाळी त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक पतंग बसला होता. शेजारच्या तगरीवरचा असणार, तिचीच पानं खाऊन त्याच्या अळ्या वाढतात. तळहाताएवढा, गर्द हिरवा, मध्ये पोपटी आणि गुलाबी पट्टे, त्यांवर पांढऱ्या नागमोडी रेघा.

"हा रंग आहे का तुमच्याकडे?" मी चिडवलं.

त्यांनी ते मनावर घेतलं. मेहंदी, शेवाळी, मोरपंखी असे सात-आठ तुकडे एकेक करून पतंगाशेजारी धरले, एक डोळा मिटून पाहिले आणि दर वेळी नाराजीनं मान हलवली. माझ्या साड्यांसाठी ते एवढे कधी झटले नव्हते. शेवटी तुकड्याचा वारा लागून पतंग उडाला आणि नेमका समोरच्या दुकानाकडे गेला.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "तिकडे मिळायचं नाही."

काल पुन्हा गेले, तर गल्ल्याशेजारी एक शेवाळी तुकडा घडी करून वेगळा ठेवलेला दिसला. मी सहज हात लावला.

"तो नको, अक्का," ते म्हणाले. "गिऱ्हाईक परत येणार आहे."