तोंडानं काढलेला आवाज

धुळ्याला देवपुरात एक मिस्तरी आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात; नाव विचारायची वेळच कधी आली नाही. चोपड्याहून केळी घेऊन धुळ्यात गेलो की माझी जुनी पिकअप त्यांच्या दारात उभी राहतेच.

नानांची एक तऱ्हा होती. गाडीला काय झालंय हे ते सांगूच द्यायचे नाहीत. "आवाज कसा शे? तोंडानं काढी दखाडा." मग चारचौघांत आपण जीभ टाळूला आपटून टकटक करायचं. नाना डोळे मिटून ऐकायचे. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायचे. तेवढ्यात कोणी नुसतं खाकरलं तरी खेकसायचे.

यंदा इंजिनात एक चुकार आवाज शिरला. चढावर यायचा, आणि नानांच्या दारात पोचलो की गायब. दोन खेपा फुकट गेल्या. परवा मी पुन्हा तोंडानं आवाज काढला, तर नानांनी डोळे मिटले नाहीत. माझ्या ओठांकडेच बघत राहिले.

मी इंजिन चालू करून खाली उतरलो, आणि आला की आवाज! रस्त्यापलीकडचा पानवाला वळून बघू लागला, एवढा खणखणीत. नाना स्क्रूड्रायव्हर कानाला लावून वाकले होते. तसेच वाकून म्हणाले, "आवाज उना म्हंजे सांगजा, भाऊ."

आवाज तर केव्हाचा आलेला होता. मी त्यांच्या पाठीवर बोटानं ठेका धरला. टक, टक, टक.

नानांनी स्क्रूड्रायव्हर हळूच खाली ठेवला. वर मात्र बघितलं नाही.