वैशाखातलं दार

घर विकत घेण्याआधी ते तपासून देणं हा माझा धंदा आहे, असं मी सांगायला लागलो तेव्हा यवतमाळात लोक हसले. "घर काय म्हैस हाये का, दात पाहाले?" असं एका दुकानदाराने भर चौकात विचारलं. पण कापसाची ती वाईट वर्षं होती. सरकी काढायचे जिनिंग कारखाने एकामागून एक बंद पडत होते आणि तिथली पगारदार माणसं राहती घरं विकून पुण्या-नागपूरला मुलांकडे निघाली होती. विकाऊ घरं पुष्कळ होती, घेणारे घाबरत होते. त्या दोघांच्या मधे मी डिप्लोमा, ओळंबा, पाण्याची लेव्हल आणि भरपूर तोरा एवढं सामान घेऊन उभा राहिलो.

माझ्यासोबत एक रेजा असायची. बांधकामावरच्या मजूर बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात. साठी ओलांडलेली, चाळीस वर्षं डोक्यावर घमेली वाहिलेली बाई. शिडी धरायला आणि टेपचं दुसरं टोक पकडायला मी तिला ठेवलं होतं. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला इंजिनेर. कुठल्याही घरात शिरताना ती चपला बाहेर काढायची आणि सगळ्या खोल्यांतून एकदा सावकाश फिरून यायची. मला तो तिचा भाविकपणा वाटायचा. ती तिची तपासणी होती, हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नेर गावाला एक सिस्टर होत्या, सरकारी दवाखान्यातल्या नर्स. दिवाळीला निवृत्त होणार होत्या आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. अठ्ठावीस वर्षं त्या या गावच्या नाहीतर त्या गावच्या क्वार्टरमधे राहिल्या. पहिल्याच क्वार्टरमधे भिंतीला खिळा ठोकला म्हणून साहेबाने सगळ्यांसमोर झापलं होतं. तेव्हापासून त्यांनी कुठल्याही भिंतीला हात लावला नाही. बुद्धाची तसबीर आणि आईचा फोटो लोखंडी पेटीवर टेकवून ठेवलेले असत. बदली झाली की आधी ते दोन्ही साडीत गुंडाळायचे, मग बाकीचं सामान. संसार एकटीचाच होता.

"मले मोठं घर नाई पाह्यजे, सर," त्या म्हणाल्या. "एक भिंत पाह्यजे, खिळा ठोकाले." हसून म्हणाल्या, पण हातातला रुमाल पिळत होत्या. आयुष्यभराची शिल्लक या एका घरात जाणार होती, आणि घर फसलं तर दुसरं घ्यायची ऐपत नव्हती.

त्यांनी पाहून ठेवलेलं घर कापसाची प्रत ठरवणाऱ्या एका निवृत्त ग्रेडरचं होतं. कापसाचा पुंजका दोन बोटांत ओढून त्याचा धागा किती लांब निघेल ते सांगणारा हा माणूस. त्याचं जिनिंग बंद पडलं, मुलगा पुण्याला, नवरा-बायको आता तिकडे निघालेले. पोळा होऊन आठवडा झाला होता. अंगणात काळी माती अशी माजली होती की माझे बूट दोन-दोन किलोंचे झाले. काकांनी आम्हाला दारातच सांगितलं, "माह्या घराले एक भेग दाखवा. चहा सोडून जेवाले घालतो."

मी दीड तास शोधलं. ओळंबा लावला, कोपरे मोजले, छताला टॉर्च मारला, भिंती ठोकून पाहिल्या. भेग नव्हती. मागची खोली नंतर जोडलेली दिसत होती, पण तिथेही रंग कसा गुळगुळीत. मी वही मिटली आणि सिस्टरला म्हणालो, "बिनधास्त घ्या." सिस्टरनी डोळे मिटून हात जोडले, कोणाला ते मला माहीत नाही.

मावशी तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात काकूंजवळ बसून चहा पीत होती. तिथून तिचा आवाज आला, "माय, कोनत्या महिन्यात दार अडते तुमचं?"

काकू साध्या होत्या. म्हणाल्या, "वैशाखात. मागचं दार मंग लागतच नाई. दोरीनं बांधून ठेवतो. पानी पडलं का आपोआप लागते."

काका उठून उभे राहिले. "ते उन्हाळ्याचं हाये. श्रावणात भेग बुजते. बुजली तर मंग भेग कायची?" त्यांचा चेहरा बघून मला खात्री पटली की माणूस लबाड नाही. तीस वर्षं तो हेच मानत आला होता. तो लबाड नव्हता, बावळट मी होतो. आमच्या मुलखातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि भादव्यात, माती पोट भरून फुगलेली असताना, भेगा शोधत फिरत होतो.

मला राग आला. माझाच आला, पण निघाला भलतीकडे. "सिस्टर, हे घर घेऊ नका," मी तडकून म्हणालो. "सगळं घर हलतं आहे." सिस्टर उठल्या. मागच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि रुमाल मांडीवर ठेवून त्याच्या घड्या घालत राहिल्या. दिवाळी दोन महिन्यांवर होती.

"सगळं कायले हालते?" मावशी म्हणाली. तिने काकूंना एकेका दाराचं विचारलं. पुढचं दार? नाही अडत. मधलं? कधीच नाही. स्वयंपाकघराचं? नाही. फक्त मागचं, नंतरच्या खोलीचं. मग ती मला म्हणाली, "एकच दार अडते त एकच भिंत हालते, इंजिनेर. कुदळ मागा."

जुनं घर आणि नवी खोली जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, भांडी घासायच्या दगडाशेजारी, तिने स्वतः खड्डा घेतला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, तुम्हाला वेळ लागेल. ओली काळी माती कुदळीला चिकटते, प्रत्येक घावाला ती हाताने सोडवावी लागते. पण तिची लय एकदाही मोडली नाही. गुडघाभर खणलं आणि नव्या खोलीचा पाया संपला. त्याखाली नुसती काळी माती. जुन्या घराचा दगड मात्र खाली जातच होता. कंबरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला. ती खांद्याएवढी खाली गेली तेव्हा कुदळीचा आवाज बदलला.

"खाली या. वरून दिसत नाई. बूट काढा."

मी बूट काढून उतरलो. पाय टेकला तो खरखरीत, कोरड्या, टणक मुरमावर. वीतभर वरची माती थंडगार लोण्यासारखी, आणि पायाखाली हे असं. जुन्या घराचे दगड त्या मुरमात घट्ट रुतून बसले होते. माझ्या छातीसमोर मातीत एक बारीक उभी रेघ वरून खाली आली होती, उन्हाळ्यात उघडलेली आणि आता मिटलेली. त्या रेघेत सरकीचे दाणे होते, कोळशाचा चुरा होता. मावशीने तिच्यात बोट घालून काहीतरी ओढून काढलं. स्टीलचा चमचा होता, दांड्यावर नाव कोरलेला.

काकूंनी तो पदराने पुसला. "हा त माह्या आंदनातला," त्या म्हणाल्या. मग दांड्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला. "अकरा वर्सं मी ननंदेवर आळ घेतला."

मी खड्ड्यातच उभा होतो. मला वर यावंसं वाटेना. ज्या जमिनीवर मी जन्मभर चाललो ती दर उन्हाळ्यात तोंड उघडते, माणसाच्या छातीएवढ्या खोलवर वस्तू गिळते आणि पावसात काही झालंच नाही अशी मिटते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि या अशा मातीखाली कुठे थांबायचं ते कळेपर्यंत खणत गेलेली माणसंही असतात. त्यांच्यातली एक माझ्याजवळ उभी राहून नखातली माती काढत होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले. खड्ड्यात तेवढी जागा नव्हती.

"घर पक्कं हाये, सिस्टर," मावशी वर बघून म्हणाली. "मागची खोली हालन, हालू द्या. तिच्यात लाकडं ठेवा. पन खिळा आत्ता ठोकू नका. वैशाखात ठोका. तवा भिंत खोटं बोलत नाई."

सिस्टरनी घर घेतलं आणि मावशीचा शब्द पाळला. दिवाळीपासून दोन्ही तसबिरी नव्या घरातही पेटीवरच होत्या. वैशाखी पौर्णिमेला आम्हा दोघांना खिरीचं बोलावणं आलं. भर उन्हाचं आम्ही गेलो. मागचं दार दोरीने बांधलेलं होतं आणि त्या खोलीच्या सांध्यात माझं बोट सहज जात होतं. पुढच्या खोलीच्या भिंतींवरून मी टॉर्च फिरवला. केसाएवढी रेघ नव्हती.

मावशीने चपला काढल्या, भिंतीवर तळहात फिरवला, दोनदा ठोकून ऐकलं आणि म्हणाली, "इथं."

सिस्टरनी कागदाच्या पुडीतून दोन खिळे काढले. एवढ्या सुया टोचलेल्या बाईने खिळ्याचं टोक दोनदा टेकवून पाहिलं. पहिला खिळा सरळ गेला, दुसराही. बुद्ध वर गेला, शेजारी आई. सिस्टर हातोडी हातात धरून मागे सरकल्या आणि खूप वेळ पाहत राहिल्या. मग मावशीकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "आता काढावं त नाई लागनार ना?"

"नाई, माय," मावशी म्हणाली. "आता राहू द्या."