बाजूला बसलेली सारिका

आळे गावच्या शीलाला खोटं बोलायची हौस नव्हती. पण घरात पाहुणे आले, की तिची नववीतली सारिका आतल्या खोलीत शिरून कडी घालायची. माणसांसमोर तिला घाम फुटायचा, तोंडून शब्द निघायचा नाही. शीलाने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा तर दंडाला धरून मामापुढं आणली, तर पोर तिथंच ओकली. त्यानंतर शीलाने हात टेकले.

"पोरगी दिसंना?" त्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, आणि शीलाच्या तोंडून निघून गेलं, "बाजूला बसलीये." झालं! पाळी आली म्हटल्यावर कोण कशाला आत डोकावतंय? बायका मान डोलावतात, पुरुष मुकाट चहा पितात. मग लग्न असो, बारसं असो, सारिका आपली बाजूला बसलेलीच. तिला एकटी कशी ठेवायची म्हणून शीलाही घरीच. आई झाकते म्हणून पोर आणखी आत शिरायची, आणि पोर शिरली की आईला पुन्हा झाकावं लागायचं. शीला पार थकून गेली होती. खोटं रेटायलाही अंगात बळ लागतं.

पण बायका काय खुळ्या असतात? खोडदची थोरली नणंद प्रयागबाई एका महिन्यात येईल तेव्हा हेच ऐकत होती. पोरीच्या अंगावर जातंय, पाळी थांबतच न्हाई, असं तिने भावकीत बोलून टाकलं आणि एका सकाळी शीलाच्या दोन चुलत जावांना घेऊन दारात उभी राहिली.

"शीले, लेकराचा जीव घेतीस का? चल, जुन्नरला डॉक्टरीणबाईला दाखवू."

शीलाच्या मनात आलं, किती दिवस ओढायचं हे?

"आक्का, तिला काई झालं न्हाई. मीच खोटं सांगत व्हते. पोर माणसांना लई घाबरती."

जावा एकमेकींकडं बघायला लागल्या. "आदी न्हाई का सांगायचं?" एवढंच प्रयागबाई म्हणाली. चहा न घेताच तिघी निघून गेल्या. शीलाला मात्र फार दिवसांनी हलकं वाटलं. तिने आतल्या दारावर थाप मारली.

"सारिका, उघड गं. आता लपायचं कारण न्हाई. सांगितलं मी समद्यांना."

कडी न काढता आतूनच पोर म्हणाली, "आजारी व्हते तेच बरं व्हतं, आई. आजारी माणसाला कुणी हसत न्हाई."