ढाब्यावरची घंटा

तळोद्याहून परतताना धाकट्या भावाबरोबर चहाला थांबले, तर ढाब्याच्या दारात आमच्या गावच्या स्टेशनची घंटा टांगलेली! घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. ठोकून ठोकून मधोमध पडलेला खड्डा मी लगेच ओळखला.

"दादा, वाजाडा ना! ऑर्डरनी घंटा शे ती," मालक भावाला म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

इंग्रजांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं स्टेशन बंद पडलं आणि लोकांनी कौलं, दारं, बाकं, जे निघेल ते उचलून नेलं. उरल्या चार भिंती. त्यांच्यावर आता पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पोस्टरं. लाज कशी वाटत नाही?

मला ती सकाळ आठवली. तापानं फणफणलेला हाच भाऊ आईच्या खांद्यावर होता. तिचा पदर धरून मी शेतातून धावत होते आणि नंदुरबारची गाडी फलाटाला लागलेली. फलाटावरच्या मिरच्यांच्या पोत्यांचा ठसका बसत होता. घंटा झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. घंटेजवळ स्टेशनचे हमाल रहीमचाचा दांडा धरून उभे होते. आतून मास्तर ओरडत होते, पण चाचा आईकडे बघत म्हणाले, "माय, पयू नको. तू बसशी, मंगच मी घंटा देसू."

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. चाचांनी नोकरी पणाला लावली होती, हे आज कळतं.

भावानं घंटा वाजवायला हौसेनं चमचा उचलला. मी त्याचं मनगट धरलं.

"तुझ्यासाठी हिनं अख्खी गाडी थांबवली होती. चहासाठी वाजवायची नाही."